दारात विचारलेला पहिला प्रश्न

पुण्यात १८६३ साली भिंतींवर काही जाहिराती लागल्या. विधवांनी इथे यावं, गुप्तपणे आणि सुखरूप बाळंत व्हावं, मूल सोबत न्यायचं की मागे ठेवायचं ते आपल्या खुशीने ठरवावं, असा त्यांचा आशय. पत्ता गंज पेठेतला, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या राहत्या घराचा. शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनीच हे वाचलेलं असतं. पुढे मी पोलीस ठाण्याच्या आवारातल्या समुपदेशन केंद्रात नोकरीला लागले आणि तो मजकूर मला निराळा दिसायला लागला. त्यात काय काय विचारलेलं नाही, तेच डोळ्यांत भरू लागलं. दिवस कोणापासून गेले, हे विचारलेलं नाही. घरच्यांना ठाऊक आहे का, हे नाही. चूक कोणाची, हे तर नाहीच. पोलीस ठाणं, दवाखाना, कोर्ट, माहेर अशा किती दारांत मी बायकांच्या शेजारी उभी राहिले, आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न कान देऊन ऐकला. पुढचं सगळं बहुतेक त्या प्रश्नावरच ठरायचं.

हे घर का काढावं लागलं ते जोतीरावांनी १८८४ साली सरकारला पाठवलेल्या टिपणात सविस्तर लिहिलंय. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवाने तिला फशी पाडलं. दिवस गेल्यावर त्याच्याच सांगण्यावरून तिने नाना औषधं घेतली, पण उपयोग झाला नाही. मुलगा झाला. बेअब्रूच्या भीतीने तिने त्याला मारलं आणि घरामागच्या विहिरीत टाकलं. दोन दिवसांत पोलिसांनी तिला धरलं, पुण्याच्या सेशन कोर्टात खटला चालला आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. शास्त्रीबुवाला शिक्षा झाल्याचा एक शब्दही त्या टिपणात नाही. खटला संपताच आपण आपल्या आवारात हे घर उघडलं, असं जोतीराव लिहितात. हाताशी पैसा बेताचाच होता, हेही लिहितात.

त्याच टिपणात एक आकडा आहे, त्याच्यापाशी मी दर वेळी थांबते. तोवर पस्तीस गरोदर विधवा त्या घरी येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जिवंत होती, तीस दगावली होती. दिवस लपवण्यासाठी आयांनी आधी घेतलेल्या विषारी औषधांनी पोटातच इजा झाली होती. एकवीस वर्षांत पस्तीस बायका. पुण्यात गरज एवढीच होती असं कोण म्हणेल? आणि ज्या आल्या त्यासुद्धा बाकीचे सगळे उपाय करून, शरीराची चाळण करून घेऊन मगच आल्या. आमच्या केंद्रातही बाई पहिल्या थपडेनंतर कधी आली नाही. आधी आईला सांगून झालेलं असतं, मग मामाला, मग दिराला, मग देवऋषी, उपास, नवस. आमची पायरी सगळ्यात शेवटी. दार उघडं असलं तरी तिथवर यायला बाईला वर्षं लागतात, हे त्या तीस मुलांनी मला शिकवलं. सावित्रीबाईंच्या घरी १८७४ साली आलेल्या काशीबाई नावाच्याच दुसऱ्या एका विधवेचा मुलगा फुल्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत, पुढे डॉक्टर झालेला. त्याची गोष्ट सगळे सांगतात, सांगावीच. पण मला त्या तीसांचीही आठवण ठेवावीशी वाटते.

पंढरपुरात १८७५ साली असंच बालहत्या प्रतिबंधक गृह निघालं. तिथले न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर आणि प्रार्थना समाजाची मंडळी त्यामागे होती. जागा नेमकी निवडली होती. वारीच्या गर्दीत घरच्यांनी नको झालेली विधवा देवाच्या दारी सोडून द्यावी आणि आपण परतीची वाट धरावी, हे तेव्हा सर्रास घडे.

सुरतेच्या कोर्टाने १८८१ साली विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अर्भकाच्या हत्येबद्दल फाशी सुनावली, पुढे ती शिक्षा कमी झाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांत समस्त बायकांच्या चारित्र्याचा पंचनामा सुरू झाला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांना तो सहन झाला नाही. १८८२ सालचं त्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ त्या संतापातून आलं. बायकांवर जे जे आरोप करता ते ते दुर्गुण पुरुषांत नाहीत का, हा त्यांचा सवाल. दारात उभ्या असलेल्या बाईने उलट प्रश्न विचारावा, असं मराठीत इतक्या ठणठणीतपणे आधी कोणी लिहिलं नव्हतं. जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली. बाकीच्यांनी ते पुस्तक जवळजवळ शंभर वर्षं बाजूला टाकलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं, म्हणून ते माझ्या पिढीच्या हाती पडलं.

आता रखमाबाईंकडे येते, कारण रोजच्या कामात माझी गाठ पडली ती त्यांच्याच प्रश्नाशी. अकराव्या वर्षी लग्न झालेलं. आई आणि सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या, शिकल्या, आणि ज्याच्याशी लग्न लावून दिलं त्या दादाजी भिकाजींकडे जायला त्यांनी नकार दिला. दादाजींनी १८८४ साली मुंबई हायकोर्टात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ साली तो फेटाळला. मोठी बाई आहे, तिच्या मर्जीविरुद्ध तिला अशी कोणाच्या ताब्यात कशी द्यायची, हा त्यांचा रोख. अपील झालं, खटला पुन्हा चालला आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. सगळा देश त्यावर भांडत होता, टिळकांचा ‘मराठा’ रखमाबाईंच्या विरोधात होता. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, रखमाबाई लंडनला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. सुरतेत आणि राजकोटात त्यांनी बायकांसाठी दवाखाने चालवले.

नांदायला जातेस की नाही? एवढाच तो प्रश्न. ठाण्यात आलेल्या बाईला तो मी असंख्य वेळा विचारला गेलेला ऐकला. ठाणे अंमलदार विचारी, कधी माहेरचा भाऊ विचारी, एका मोठ्या संस्थेतल्या ज्येष्ठ बाईंनीही माझ्यासमोर तो एका ओठ फुटलेल्या मुलीला विचारला. तिला काय झालंय, हे तोवर कोणी विचारलंही नव्हतं. मग एन.सी. लिहायची, म्हणजे अदखलपात्र नोंद. नवऱ्याला बोलावून दम द्यायचा. स्टँपपेपरवर ‘यापुढे त्रास देणार नाही’ असं त्याच्याकडून आणि ‘न विचारता माहेरी जाणार नाही’ असं तिच्याकडून लिहून घ्यायचं. कागदावर दोघं सारखे दिसतात. त्या कागदाला कोर्टात फारशी किंमत नसते, पण घरात तो तिच्या विरोधात वापरला जातो. आणि हे निव्वळ सवयीने चालतं असंही नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम ९, जोडीदाराने नांदायला यावं म्हणून दावा लावण्याचं, आजही पुस्तकात आहे.

पुढची पन्नाससाठ वर्षं आश्रमांची. मुंबईत १८८९ साली पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, मग केडगावचं मुक्ती सदन, तिथे अत्याचारित मुलींसाठी वेगळं कृपा सदन, १८९६ साली कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम, रमाबाई रानड्यांचं सेवासदन. यांनी किती जीव वाचवले याची गणती नाही, आणि मी त्यांच्यापुढे नम्र आहे. पण मदत म्हणजे बाईने घर सोडून दुसऱ्या छपराखाली जाणं, हा साचा तेव्हा पडला तो पडलाच. मारणारा घरात, मार खाणारी आश्रमात. आश्रमाबाहेर राहणाऱ्या, मजुरी करणाऱ्या, खालच्या मानलेल्या जातींच्या बायकांपर्यंत तर ही दारं फारशी पोहोचलीच नाहीत. फुल्यांचं घरही, त्या काळच्या एका ठरावीक आपत्तीसाठी, ब्राह्मण विधवांसाठी काढलेलं होतं. आदिवासी मजूर मुलीला कोणी काय विचारायचं, ते १९७२ सालापर्यंत अनुत्तरित राहिलं, आणि तेव्हा ज्यांनी विचारलं ते पोलीस होते.

त्या मुलीचं नाव कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात छापलेलं आहे. मी ते इथे लिहीत नाही. पीडितेची ओळख छापू नये हा कायदा तिच्याच प्रकरणानंतर आला, तिला त्याचा लाभ झाला नाही. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज, २६ मार्च १९७२ ची रात्र. मुलगी चौदा ते सोळा वर्षांची, आईवडील नसलेली, भावाजवळ राहून मजुरी करणारी. भावाच्याच तक्रारीवरून जबाब द्यायला ती ठाण्यात आली. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि तिला आत ठेवून घेतलं. बाहेर नातेवाईक थांबलेले, हळूहळू गर्दी जमली, ठाणं पेटवून देण्याची भाषा झाली, तेव्हा कुठे तक्रार घेतली गेली. १९७४ साली सेशन कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडलं आणि मुलीलाच खोटारडी ठरवलं, तिला शरीरसंबंधांची सवय होती असं म्हटलं. १९७६ साली नागपूर खंडपीठाने दोघांना शिक्षा दिली. मुकाट्याने सोसणं म्हणजे संमती नव्हे, हे त्या निकालात आहे, आणि तो लिहिणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आदर आहे. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. अंगावर इजा नाही, ओरडा केला नाही, म्हणजे विरोध नव्हता.

जखमा दाखव. रात्री, पोलीस ठाण्यात, दार आतून लावलेलं असताना, दोन वर्दीवाल्यांपुढे त्या पोरीने कोणाला हाक मारायला हवी होती?

वर्षभराने, सप्टेंबर १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून ठिणगी पडली. १९८० च्या सुरुवातीला मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला आणि ८ मार्चला अनेक शहरांत बायका रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळी, जबर शिक्षा आली. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असं बाईने सांगितलं, तर कोर्टाने तेच गृहीत धरायचं, असं ठरलं. तरी बाईचं पूर्वचारित्र्य काढून तिची साक्ष पाडण्याची मुभा पुराव्याच्या कायद्यात आणखी वीस वर्षं राहिली, २००३ साली ती गेली. बाईला शरीरसंबंधांची सवय आहे का हे ठरवायला डॉक्टर करत ती दोन बोटांची चाचणी त्याहून पुढे टिकली. ती बाईच्या प्रतिष्ठेवरचा घाला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली म्हटलं, २०१४ साली आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी ती बंद केली, आणि २०२२ साली न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं.

घराच्या आतल्या हिंसेवर मात्र अजून कोणी बोलायला तयार नव्हतं. पुण्यात जून १९८२ मध्ये मंजुश्री सारडा या नवविवाहितेचा विषाने मृत्यू झाला. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं कोर्टात वाचली गेली. खालच्या दोन्ही कोर्टांनी नवऱ्याला दोषी धरलं, १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने संशयाचा फायदा देऊन सोडलं. कायद्याचे विद्यार्थी तो निकाल परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्यांसाठी पाठ करतात. पुण्यातल्या बायकांनी त्यातून वेगळं काही उचललं. विद्या बाळ, सौदामिनी राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन काढून गावोगाव नेलं. बघायला आलेल्या बायका फलकांसमोर उभ्या राहून स्वतःबद्दल बोलायला लागल्या, त्यातून ‘बोलते व्हा’ केंद्र निघालं. माझ्या मते हे फार मोठं पाऊल होतं, कारण गंज पेठेनंतर इतक्या वर्षांनी पुन्हा एका दारात प्रश्न न विचारता आधी ऐकून घेण्याची तयारी होती.

त्याच सुमारास, १९८३ साली, छळाचं कलम ४९८-अ आलं (आता भारतीय न्याय संहितेत ते ८५ आणि ८६ आहे). १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या इमारतीत बसायचं, पण पोलिसांचं माणूस व्हायचं नाही. समाजकार्य शिकलेली बाई टेबलामागे, समोर तक्रारदार, आणि हवालदाराला हाक मारता येईल इतकं अंतर. पुढे राज्याने हे कक्ष आपल्या जबाबदारीवर जिल्ह्याजिल्ह्यांत नेले. माझी नोकरी त्या झाडाचीच एक फांदी.

शहरांबाहेर, नवऱ्याने टाकलेल्या बायका निराळंच मागत होत्या. सोडचिठ्ठी नाही, पोटगी नाही, नवऱ्याने दुसरी आणलेली, अशी बाई भावाच्या पडवीत आयुष्य काढते. संगमनेरला निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस परित्यक्तांना एकत्र आणलं. मागण्यांत एक होती स्वतंत्र रेशनकार्डाची. काही पुढाऱ्यांना ती किरकोळ वाटायची. तलाठ्यापुढे, बँकेत, शाळेत मुलाचं नाव घालताना तुझं कार्ड कुठाय हाच प्रश्न ज्यांना विचारला जातो, त्यांना ती किरकोळ वाटली नाही.

दवाखान्याचं सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. जळीत वॉर्डात मृत्युपूर्व जबाब घेताना मी हजर राहिले आहे. कसं भाजलं? स्टो भडकला. उत्तर ठरलेलं, कारण उशाशी सासू उभी आणि दाराशी नवरा. नायलॉनची साडी, रॉकेलचा स्टो, कॉलममध्ये ‘अपघात’. विष प्यायलेल्या बाईच्या केसपेपरवर ‘चुकून औषध घेतलं’ लिहिलेलं असे, आणि पोट धुऊन तिला त्याच घरी परत पाठवत. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने ‘दिलासा’ केंद्र काढलं, तेव्हा तिथल्या परिचारिकांना आणि डॉक्टरांना अशा बाईला बाजूला, एकटीला घेऊन विचारायला शिकवलं. घरी कोणी मारतं का? एवढं साधं वाक्य. देशातल्या सरकारी दवाखान्यात असं पहिल्यांदाच होत होतं. पडद्याआड विचारलं की बायका सांगतात, हे तिथे दिसलं, आणि मग दिलासा इतर रुग्णालयांत गेलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या विवाहित बायकांपैकी एकोणतीस टक्क्यांनी नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. ज्यांनी मार किंवा जबरदस्ती सोसली त्यांतल्या शंभरातल्या चौदाच मदत मागायला गेल्या, बहुतेकींनी कोणालाच सांगितलं नाही.

ज्या कायद्याने आश्रमाचा साचा मोडला तो २००५ सालचा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेला कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा. मारहाणीबरोबर लैंगिक जबरदस्ती, शिव्या-टोमणे, पैसे अडवणं हीसुद्धा हिंसा, असं त्यात लिहिलं आहे. आणि बाईला त्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर कोणाच्याही नावावर असो. हे वाक्य मी पहिल्यांदा एका बाईला समजावून सांगितलं तेव्हा तिने मला ते परत म्हणायला लावलं. संरक्षण अधिकाऱ्याने घटना अहवाल लिहून दंडाधिकाऱ्याकडे द्यायचा, पहिली तारीख तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. साठ दिवसांत निकाल माझ्या पाहण्यात क्वचितच आला. पण अंतरिम आदेश येतात, आणि तेवढ्याने पुष्कळदा घरातला हात थांबतो.

आता नव्या मुली या कामात येतात तेव्हा मी त्यांना सुरुवातीची अर्धी घटका सांगते. खुर्ची, पाणी, मूल सोबत असेल तर त्याला बिस्किट. आज रात्री कुठे झोपणार? मुलं कोणाकडे आहेत? मार कुठे लागलाय, डॉक्टरला दाखवलं का? लिहायचं त्यानंतर. ती परत घरी जाणार असेल तर तिला रागवायचं नाही, आपला नंबर पाठ करून घ्यायचा, कारण फोन तिच्या हातात राहील याचा भरवसा नसतो.

आणि कोणी मैत्रीण, वहिनी, शेजारीण हे वाचून विचारत असेल की करायचं काय, तर तेही लिहून ठेवते. १८१ ही महिलांची हेल्पलाइन, तातडीला ११२. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ केंद्र आहे, तिथे निवारा, दवाखाना, पोलीस, वकील यांच्याशी एकाच जागी गाठ घालून देतात. वकिलाचे पैसे नसले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईला फुकट वकील देतं, मिळकत कितीही असो. बलात्काराच्या प्रकरणात सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाला तिच्यावर लगेच आणि विनामूल्य उपचार करावेच लागतात, आधी पोलिसांकडे जाऊन या असं सांगता येत नाही. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण चालत नाही. कपडे धुवायचे नाहीत, कागदी पिशवीत ठेवायचे. आधार, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा फोटो, दवाखान्याच्या चिठ्ठ्या यांच्या झेरॉक्स माहेरी नाही, भरवशाच्या मैत्रिणीकडे ठेवायच्या. माहेरी पहिल्यांदा शोधतात.